बाजूक दाबून बघ

आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून आणलेलं कोट्यवधींचं एक यंत्र होतं आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर पाण्याने काठोकाठ भरलेली एक स्टीलची वाटी होती. यंत्र चालवायचं की नाही, हे वाटी ठरवायची. वाटीचं म्हणणं फक्त ताईंना कळायचं, आणि ताईंचं म्हणणं आम्ही निमूट ऐकायचो. मी तिथे पीएचडी करायला गेलो तेव्हा माझ्याकडे दोन पदव्या होत्या, एक सुवर्णपदक होतं आणि स्वतःबद्दल अतिशय चांगलं मत होतं. त्यातल्या पदव्या आणि पदक अजून आहेत.

अंधेरीतल्या त्या संस्थेत प्राध्यापक वरच्या मजल्यांवर बसायचे आणि यंत्र तळघरात असायचं, कारण तळघर कमी हलतं. यंत्राबरोबर ताईही तळघरात. त्यांचा हुद्दा तांत्रिक अधिकारी असा काहीतरी होता, पण तो त्यांनी कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम वर बसतात. खाली ताई. आणि चपला बाहेर."

माझे बूट होते. तेही बाहेर. तळघरात सगळ्यांनी अनवाणी चालायचं, असा त्यांचा नियम होता, आणि चालायचं म्हणजे मांजरासारखं, टाच न टेकता. एकदा संस्थेचे संचालक कोणा बड्या पाहुण्यांना घेऊन खाली आले. ताईंनी त्यांनाही दारातच थांबवलं. संचालकांनी बूट काढले, तर उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. पाहुण्यांनी सभ्यपणे छताकडे पाहिलं. ताई मात्र म्हणाल्या, "असू दे, असू दे. अंगठ्याने आवाज होत नाही."

यंत्राचं काम ऐकायला सोपं आहे. हिऱ्याचं एक अतिशय बारीक टोक असतं. ते धातूच्या इवल्याशा स्फटिकावर ठेवायचं, हळूहळू दाबायचं, आणि किती जोर लावल्यावर ते किती आत गेलं याची रेघ संगणकावर उमटते ती पाहायची. बस. आपण बाजारात आंबा दाबून बघतो तेच. फरक इतकाच की माझा आंबा केसाच्या जाडीत शंभर मावतील एवढा होता आणि लावायचा जोर साखरेच्या मोजक्या दाण्यांच्या वजनाइतका. अशा वेळी कोणी शेजारी शिंकलं तरी यंत्राला भूकंप झाल्यासारखं वाटतं.

म्हणून ती वाटी. यंत्राखाली कंपन शोषून घेणारं महागडं टेबल होतं, पण ताईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या वाटीतल्या पाण्यावर दिव्याचं प्रतिबिंब पाडायच्या आणि ते थरथरलं की सांगायच्या, "लिफ्ट." पुन्हा थरथरलं की, "कचऱ्याची गाडी. आज उशिरा आली." मेट्रोच्या खांबांचं काम सुरू होतं तेव्हा तर त्या पाणी बघूनच सांगायच्या की आज खोदाईचं मशीन कोणत्या बाजूला लागलं आहे. मी एकदा त्यांना फोनमधलं कंपन मोजायचं ॲप दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "ह्याला चार्जिंग लागतं ना रे?" मी हो म्हणालो. "वाटीला नाही लागत," असं म्हणून त्या कामाला लागल्या.

एकदा क्रिकेटची मोठी मॅच होती आणि वरच्या मजल्यावर कुठेतरी टीव्ही लावला होता. मी हट्टाने त्या दुपारी प्रयोग केला. रेघ आली ती मध्ये मध्ये दचकलेली. मी त्या प्रत्येक दचक्याला धातूच्या आतल्या घडामोडींशी जोडून गाईडसरांना दोन पानी टिपण पाठवलं. ताईंनी ती रेघ हातात धरली, मोबाइलवर मॅचचा हिशेब उघडला आणि वेळा ताडून पाहिल्या. "ह्यो चौकार," त्या बोट ठेवत म्हणाल्या, "ह्यो पण चौकार. आणि हय बघ, शिक्सर." टिपण मी परत मागवलं. सरांनी ते वाचलं नव्हतं, ही त्यातली देवाची कृपा.

ताई मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्यावर कुटुंब कांदिवलीला आलं. एरवी त्या आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायच्या, पण रागावल्या, खूश झाल्या किंवा यंत्राशी बोलू लागल्या की मालवणी सुरू. नमुन्याला त्या नमुना म्हणत नसत, पाहुणा म्हणत. "पाहुणो इलो हा," असं म्हणून त्या तो यंत्राच्या पेटीत ठेवायच्या, दार लावायच्या आणि दोन तास हात लावू द्यायच्या नाहीत. बाहेरून आलेला नमुना गरम असतो, निवताना आकसतो आणि तेवढ्यानेही मोजमाप बिघडतं, हे शास्त्र मला पुस्तकातून ठाऊक होतं. ताईंचं म्हणणं होतं की दारात आलेल्या माणसाला कोणी लगेच प्रश्न विचारतं का? आधी बसू द्यावं. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहायचो. मग त्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणायच्या, "घाई कोणाक आसा? हेका नाय. माका नाय. तुका आसा. मगे तू भायर जा." मी भायर जायचो.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. आमच्यापैकी कोणाचा शोधनिबंध छापून आला की ताई त्याची छापील प्रत मागायच्या, सरळ शेवटच्या पानावर जायच्या आणि आभाराचा परिच्छेद वाचायच्या. तिथे त्यांचं नाव असायचं. ते वाचून झालं की टेबलाच्या खणातून कात्री काढून तेवढा परिच्छेद कापायचा आणि एका जुन्या वहीत चिकटवायचा. बाकीचा निबंध रद्दीत. तीस वर्षांचे आभार त्या वहीत होते. मी एकदा विचारलं, "ताई, वरचं वाचत नाही कधी?" तर म्हणाल्या, "वरचं तुमचं. खालचं माझं." मला वाटलं बिचाऱ्यांना इंग्रजी गणितं झेपत नसतील. माझ्या मनात त्या काळी बरेच बिचारे राहायला होते.

आता माझ्या शोधाकडे वळतो. वळायचं जिवावर येतं, पण त्याशिवाय ताई कळणार नाहीत.

मी सोन्याचे स्फटिक दाबत होतो. नीलमाच्या चकतीवर सोन्याचा अतिशय पातळ थर द्यायचा आणि ती भट्टीत तापवायची. थर फाटतो, गोळा होतो आणि चकतीवर सोन्याचे हजारो सुबक, कंगोरेदार कण तयार होतात. आईने मात्र बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत "मुलगा सोन्याच्या लाइनमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे सुटीच्या दिवशी शेजारच्या काकू पाटल्या घेऊन यायच्या आणि "जरा दाबून सांग रे, चोवीसची आहे का?" असं विचारायच्या. मी एकदा खरंच एक पाटली दाबून "छान आहे" म्हणालो होतो.

असा इवला, निर्दोष स्फटिक दाबायला गेलं तर तो अजिबात दाद देत नाही. जोर वाढत जातो, तो ताठ उभा. आणि मग एका क्षणी एकदम कोसळतो. ज्याच्यात आधीच बारीकशी खोट असते तो लवकर आणि थोडाथोडा दबतो. हे सगळ्या जगाला माहीत होतं. माझे स्फटिक मात्र वेगळेच वागत होते. जोर स्थिर ठेवला तरी हिऱ्याचं टोक आत आत जातच राहायचं, सावकाश, मधात बोट बुडावं तसं. साध्या खोलीच्या तापमानाला, न तापवता, माझं सोनं वाहत होतं! आणि एक नाही, प्रत्येक स्फटिक. सगळ्यांची रेघ अगदी सारखी. मी पन्नास स्फटिक दाबले आणि पन्नास रेघा एकावर एक ठेवल्या तर एकच जाड रेघ दिसायची.

गाईडसर खुर्चीतून उठून उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच उभं पाहिलं. "हे मोठं आहे," ते म्हणाले. त्यानंतर आठ महिने मी जमिनीवरून चाललो असेन असं वाटत नाही, आणि त्यासाठी मला ताईंनी शिकवलेली टाच न टेकण्याची कला कामाला आली.

ताई त्या रेघा पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मग एके दिवशी बोलल्या.

"सगळे सारखेच कसे रे?"

"हेच तर सौंदर्य आहे ताई! डेटा इतका स्वच्छ आहे."

"एका आईची पोरं पण सारखी रडत नाहीत. तुझी पन्नास एका सुरात." मग थांबून, "बाजूक दाबून बघलंस?"

बाजूला म्हणजे सोन्याच्या दोन कणांच्या मधे, जिथे नुसता नीलम उघडा असतो तिथे. मी समजुतीच्या सुरात त्यांना सांगितलं की नीलम हा अतिशय कठीण पदार्थ आहे, सोन्याच्या मानाने दगडच, तो काही वाहणार नाही, त्यामुळे तिथे दाबून वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. यंत्रावर तीस वर्षं बसलेल्या बाईला मी यंत्राची आकृती काढून दाखवली, हे आठवलं की आजही मी एकटा असलो तरी इकडेतिकडे बघतो.

त्यांनी आकृती शांतपणे पाहिली. "बरी काढलंस," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा, "बाजूक दाबून बघलंस?" त्याच्या पुढच्या आठवड्यातही. जेवणाचा डबा उघडताना, चहा ओतताना, वाटीत पाणी भरताना. मला ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पालुपदासारखं वाटू लागलं. मी नुसतं "हो हो, बघतो" म्हणायचो.

निबंध लिहिला, पाठवला. परीक्षकांनी वाखाणला. स्वीकारल्याचं पत्र आलं तेव्हा आईने सोसायटीच्या तिन्ही विंगमध्ये पेढे वाटले. पाटलीवाल्या काकू म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, ह्याच्या हाताला गुण आहे."

मग छापण्याआधीची शेवटची प्रत आली. शुक्रवारपर्यंत तपासून परत पाठवायची होती. मी मोठ्या मनाने तिची एक छापील प्रत घेऊन तळघरात गेलो. आभारात मी ताईंचं नाव सगळ्यांच्या आधी घातलं होतं, गाईडसरांच्याही आधी, आणि "अमूल्य" हा शब्दही. त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. वहीतलं शेवटचं पान माझं असणार, या कल्पनेने माझेच डोळे पाणावले होते.

ताईंनी प्रत घेतली, शेवटचं पान काढलं, वाचलं. खणाकडे हात गेला नाही.

"माझां नाव काढ ह्यातून."

मला हसू आलं. "अहो ताई, विनय पुरे. तुम्ही नसतात तर..."

"विनय कसला मेल्या. मला ह्यात राहायचं नाही. काढ."

त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. मी प्रत घेऊन वर आलो. जिन्यातच मला राग आला. आधी त्यांचा, मग त्यांच्या कृतघ्नपणाचा, मग त्या वाटीचा. तीस वर्षं कोणाच्याही फुटकळ निबंधातले आभार कापून चिकटवणाऱ्या बाईला माझ्या शोधात राहायचं नव्हतं! मी ठरवलं, एकदाचं बाजूला दाबायचं, ती सपाट, मेलेली रेघ छापायची आणि त्यांच्या टेबलावर ठेवायची. विज्ञानात कुतूहल ही मोठी प्रेरणा मानतात. मला त्या दिवशी फक्त एका बाईची जिरवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुना पेटीत ठेवला. पहिल्यांदाच न सांगता दोन तास थांबलो, नंतर पाहुण्याला बसू दिलं नाही असं कोणी म्हणायला नको. ताई आपल्या टेबलावर कसलीशी यादी करत होत्या. वाटी स्थिर होती. सोन्याच्या दोन कणांमधली उघडी जागा निवडली आणि हिऱ्याचं टोक नीलमावर टेकवलं. जोर वाढवला. स्थिर ठेवला.

रेघ खाली जाऊ लागली. सावकाश, मधात बोट बुडावं तसं.

मी दुसरी जागा निवडली. तीच रेघ. तिसरी, तीच. चौथी मी चकतीच्या पार कडेला घेतली, जिथून सोनं फार लांब होतं. तीच. जगातल्या सर्वांत कठीण पदार्थांपैकी एक माझ्यासमोर मधासारखा वाहत होता, आणि त्याचं कारण समजायला मला सुवर्णपदक असूनही पाव तास लागला.

चकती लोखंडी बैठकीवर चिकटवावी लागते. त्यासाठी प्रयोगशाळेत एक मेणासारखा टणक गोंद होता. तो तापवून वितळवायचा, पातळ पसरायचा, वर वजन ठेवायचं आणि रात्रभर निवू द्यायचा. मला रात्रभर थांबायचं नव्हतं. मी नाक्यावरच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती, चपलांचे तळवे चिकटवतात तसल्या रबरी गोंदाची. दहा मिनिटांत चिकटायचा. मी तो सढळ हाताने लावायचो, वरच्या मजल्यावर, माझ्या टेबलावर, कोणी बघत नसताना. हिऱ्याचं टोक सोन्यात घुसत नव्हतंच. चकतीच गोंदात खचत होती. सोनं असो, नीलम असो, खाली गोंद एकच, म्हणून रेघ एकच. आठ महिने मी जागतिक दर्जाच्या अचूकतेने चपलेचा गोंद मोजला होता.

वाटीतलं पाणी थरथरलं म्हणून मी वर पाहिलं, तर ताई शेजारी येऊन उभ्या होत्या. त्या चालल्याने पाणी कधीच हलत नसे. हलवत होतो मी. माझा पाय स्टुलाला लागून थरथरत होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"संशय होता. दाबल्याबिगर माहीत कसं होईल?"

"मग तुम्ही का नाही दाबलंत? यंत्र तुमचंच आहे की."

"पाहुणो तुझो होतो." मग त्या स्टूल ओढून बसल्या. "मी दाबून सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडला असतास. फळ्यावर आणखी एक चित्र काढलं असतंस. आता भांड मशीनशी."

मी यंत्राशी भांडलो नाही. मी रडलो. चांगला तिशीला टेकलेला मी, पायात बूट नसलेला, चपलेच्या गोंदासाठी रडलो. ताईंनी मला गप्प केलं नाही. माझं आटोपल्यावर त्या सांगू लागल्या. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते, सूत कातायच्या यंत्रांवर. सूत तुटलं की नवखा कामगार सुताला शिव्या देतो, कापसाला देतो. वडील आधी बाजूच्या चात्या, म्हणजे सूत गुंडाळणारे फिरते दांडे, बघायचे. एकच तुटलं तर दोष सुतात. ओळीने सगळी तुटत असतील तर दोष खाली साच्यात, म्हणजे यंत्रातच. "बाबांका शाळा नव्हती," ताई म्हणाल्या. "म्हणून ते बाजूक बघायचे." हे बोलणं माझ्या पदव्यांना उद्देशून होतं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"आता काय करू?" मी विचारलं. गुरुवार होता. उद्या शुक्रवार. थांबवा म्हणून एक ईमेल पाठवली नाही तर निबंध छापला जाणार होता, आणि नीलमावरच्या त्या चार रेघा माझ्या आणि ताईंच्याशिवाय कोणी पाहिल्या नव्हत्या. माझी शिष्यवृत्ती पाच महिन्यांत संपत होती. प्रबंधाचा अर्धा भाग म्हणजे हाच शोध. आणि तीन विंगमध्ये वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत.

ताई उठल्या. "मी कोण सांगणार? माझां नाव काढलंस की झालां." आणि त्या वाटीतलं पाणी बदलायला गेल्या.

खरं सांगायचं तर जिन्यापर्यंत मी फक्त त्यांचं नाव काढायच्याच विचारात होतो. नाव काढायचं, प्रत पाठवायची, पदवी घ्यायची, आणि पुढे कोणीतरी कधीतरी माझी चूक काढेलच, विज्ञान स्वतःला सुधारतं वगैरे. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत हा विचार चांगला मुरला होता. पण प्रत उघडून त्यांच्या नावावर रेघ मारायला गेलो आणि पेन चालेना. ती वही डोळ्यासमोर आली. ती वही जपणाऱ्या ताई ज्या निबंधात राहायला तयार नाहीत, त्या निबंधात माझं नाव मात्र पहिलं असणार होतं. मी तसाच गाईडसरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गोंद कुठला?" मी सांगितला. त्यांनी डोळे मिटले. नंतर म्हणाले, "बाजूला दाबायचं कोणाला सुचलं?"

"ताईंना."

"मग त्या मला का नाही बोलल्या?"

गेल्या दोन वर्षांत सर तळघरात दोनदा आले होते, त्यात एकदा चुकून. मी हे बोललो नाही, पण ते त्यांच्या लक्षात आलं असावं. निबंध मागे घेण्याची चार ओळींची ईमेल त्यांनी स्वतः लिहिली. त्यानंतर तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि चौथ्या आठवड्यात बोलले ते मला त्या गप्प बसण्यापेक्षा जड गेलं. शिष्यवृत्ती संपली. मुलुंडच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवून मी पुढचं दीड वर्ष काढलं. आईने पेढ्यांचं काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. पाटलीवाल्या काकू मात्र त्यानंतर पाटल्या सराफाकडेच नेऊ लागल्या.

ताई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. निरोपाला संचालकांनी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ताईंनी घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाल्या, "टिकटिक फार करतं. तळघरात लावू नका." वाटी त्या बरोबर घेऊन गेल्या. संस्थेच्या सामानाच्या यादीत ती नव्हती, घरचीच होती.

मी पुन्हा सगळे नमुने केले. मेणाचा गोंद, वर वजन, रात्रभर थांबणं. पेटीत दोन तास. प्रत्येक स्फटिकाबरोबर एकदा बाजूला. सोनं वाहिलं नाही. ते जगातल्या इतर सोन्यासारखंच वागलं, ताठ उभं राहिलं आणि कोसळलं, प्रत्येक कण वेगळ्या जोराला, कोणी लवकर, कोणी उशिरा. रेघा एकमेकींवर अजिबात बसत नव्हत्या. मला इतका घाणेरडा डेटा पाहून कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. निबंध झाला तो अगदी छोटा, कोणी उभं राहावं असं त्यात काही नव्हतं. तो छापून आला तेव्हा आईला मी मुद्दाम उशिरा सांगितलं.

छापील प्रत घेऊन मी कांदिवलीला ताईंच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या बुटांकडे बघितलं. मी ते आधीच काढले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी वाटी होती, आता चिमण्यांसाठी. मला बसवून त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, गावची, आईची, क्लासची चौकशी केली. चांगला तासभर. पाहुण्याला बसू द्यायचं हे त्या विसरल्या नव्हत्या.

मग मी प्रत पुढे केली. त्यांनी शेवटचं पान काढलं. "अमूल्य" काढून टाकला होता. एकच ओळ होती. त्यांचं नाव आणि पुढे, त्यांनी हे मोजमाप तपासायला लावलं म्हणून आभार. त्यांनी ती दोनदा वाचली. आतून वही आणि कात्री आणली. कात्री कागदाला लावली आणि थांबल्या.

"तीस वर्षं वरचं का नाही वाचलं ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "कोणी बाजूला दाबलं, कोणी नाही, मला खाली बसून कळायचं. वरचं वाचलं असतं तर खालचं कापून चिकटवता आलं नसतं. नको म्हटलं मी चौघांना. तिघांनी तरी घातलं. मोठेपणा म्हणून."

मी चौथा.

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि प्रत माझ्या हातात दिली. "वरचां वाच. पयल्यापासून."

त्यांनी उठून पंखा बंद केला आणि खुर्चीत बसल्या, तळघरात बसायच्या तशा, हात मांडीवर, न हलता. मी वाचायला लागलो. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं. सोनं कसं केलं, भट्टी किती तापवली, गोंद कोणता वापरला. गोंदाशी माझी जीभ अडखळली, पण त्या हसल्या नाहीत. तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य आलं. प्रत्येक स्फटिक दाबल्यावर त्याच्या शेजारच्या मोकळ्या नीलमावरही दाबून पाहिलं, आणि तिथे काहीही खचलं नाही.

ताईंनी हात वर केला.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.